शेवटच्या बसची कसोटी

आमच्या खडकवासल्याला स्वतःचं स्टेडियम आहे. उन्हाळ्यात ते पाण्यातून वर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. धरणाचं पाणी खाली गेलं की काठाला गाळाचा सपाट पट्टा उघडा पडतो. उन्हानं तो तडकून कडक झाला की पोरं चार चपला मांडून दोन गोल करतात आणि पाऊस येईपर्यंत फुटबॉल खेळतात. मीही तिथंच शिकलो. तिकीट नाही, आणि प्रेक्षक म्हणजे काठावर चरणाऱ्या म्हशी आणि रविवारी चौपाटीवर कणीस खात उभे असलेले पुणेकर. धरणाच्या पलीकडच्या अंगाला एनडीए आहे. तिथली मैदानं हिरवीगार आणि आखीव आहेत, पण ती लष्कराची. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या मैदानांबद्दल. जी आपल्या नावानं बांधली जातात आणि जिथं आपल्याला पोचता येत नाही.

हे सगळं डोक्यात आलं ते २०२५च्या नोव्हेंबरमध्ये. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून तिथल्या शंभरेक एकरांवर 'स्पोर्ट्स सिटी' उभी करायचा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचा बेत असल्याची बातमी आली. १९८२च्या आशियाई खेळांसाठी बांधलेलं हे स्टेडियम. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ते जवळपास नव्यानं उभं केलं गेलं. २०१२मध्ये भारतानं कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून नेहरू चषक जिंकला तो याच मैदानावर. भारतीय फुटबॉलला 'राष्ट्रीय स्टेडियम' असं अधिकृत काही नाही, पण असतं तर त्यासाठी ज्या दोनतीन जागांची नावं घेतली असती त्यातलं हे एक.

आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, पाडा, जुनाट झालंय. दुसरा म्हणाला, इतिहास आहे, हात लावू नका. दोघांचंही मला पटलं नाही. जुनं की नवं, हा वादच चुकीचा आहे. स्टेडियम काही देऊळ नव्हे आणि मोबाइलही नव्हे. ते लोकांनी एकत्र येऊन बसायची जागा आहे. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की लोक तिथं येऊ शकतात का, आणि सामना संपल्यावर घरी परत जाऊ शकतात का? मी याला शेवटच्या बसची कसोटी म्हणतो. आसनं किती, फ्लडलाइट किती, छप्पर कुणी काढून दिलं, हे सगळं त्यानंतर.

या कसोटीवर आपलं पुणे कसं नापास झालं ते सांगतो. दिल्लीवाल्यांनाही त्याचा उपयोग होईल.

गुरुवारची सुट्टी

पप्पा धायरीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. पुण्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि २९ फेब्रुवारी १९९६ हा गुरुवार होता. त्या दिवशी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना होता. वेस्ट इंडीज आणि केनिया. पप्पांना केनियाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना लारा बघायचा होता, अॅम्ब्रोज आणि वॉल्श बघायचे होते.

सकाळी खडकवासल्याहून पीएमटीची बस पकडली, स्वारगेटला उतरले, चालत स्टेडियमला गेले, सगळ्यात स्वस्त स्टँडात बसले. केनिया १६६मध्ये संपली. पप्पा म्हणतात, "आम्हाला वाटलं, आता लारा एकटाच हे संपवणार आणि आपले पैसे बुडणार." लारा ८ धावांवर झेल देऊन गेला. झेल घेणाऱ्या विकेटकीपरच्या डोळ्यावर चष्मा होता, हे पप्पा अजून सांगतात. वेस्ट इंडीज ९३मध्ये गारद. पहिलाच विश्वचषक खेळणाऱ्या केनियानं ७३ धावांनी सामना जिंकला. विश्वचषकाच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या धक्क्यांपैकी एक, आणि तो बघायला एक फिटर घरचा डबा घेऊन बसनं गेला होता. दिवेलागणीला तो घरी होता. आई म्हणते, त्या रात्री ते जेवताना सुद्धा हातवारे करत होते.

नेहरू स्टेडियम काही सुंदर नव्हतं. पण १९८४ साली तिथं इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना झाला, वेंगसरकरनं शतक काढलं, पलीकडून गॅटिंगनंही काढलं आणि सामना नेला. त्यानंतर वीसेक वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट तिथं येत राहिलं. बाजूला गणेश कला क्रीडा, थोडं पुढे सारसबाग आणि सणस मैदान, आणि हाकेच्या अंतरावर स्वारगेटचं बसस्थानक. सिंहगड रोडनं, सातारा रोडनं, सोलापूर रोडनं येणारा माणूस आधी स्वारगेटला उतरतो. म्हणजे जिल्ह्यातल्या गरीब माणसाला जिथं सगळ्यात सहज पोचता येतं, तिथं हे स्टेडियम होतं. कुणी फार विचार करून हे केलं असेल असं नाही. पण झालं होतं खरं.

२००५मध्ये तिथं शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना झाला. जागा महापालिकेची, वापरणार महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. दोघांचं जमेना. शेवटी असोसिएशननं स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं, आणि गहुंजे नावाचं एक गाव अख्ख्या जगाच्या क्रिकेट नकाशावर आलं.

एक भांडण मुंबईचं, एक पुण्याचं

तुम्ही म्हणाल, फुटबॉलवाला क्रिकेटच्या मैदानाचं दुखणं का उगाळतोय? कारण क्रिकेट हा या देशातला सगळ्यात श्रीमंत खेळ आहे. त्याच्या साध्या प्रेक्षकाची ही गत होत असेल, तर आमच्या खेळाला कोण विचारतो?

आणि असंच भांडण मुंबईतही झालं होतं. १९३७मध्ये सुरू झालेलं ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईची क्रिकेट असोसिएशन तिथं सामने भरवायची. प्रेक्षकांच्या जागा कुणाला किती, यावरून दोघांचं फाटलं. शेषराव वानखेडे चिडले आणि त्यांनी नवंच स्टेडियम उभं केलं. जानेवारी १९७५मध्ये तिथं पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ काढून वास्तुशांत केली. दोन संस्थांच्या अहंकारातून उभं राहिलेलं स्टेडियम आहे ते, यात शंका नाही.

पण ते कुठं उभं राहिलं? ब्रेबर्नपासून किलोमीटरभराच्या आत. चर्चगेटला उतरून आधी ज्या बाजूला चालत जायचं, त्याऐवजी दुसऱ्या बाजूला चालायचं. विरारहून येणाऱ्याला काय फरक पडला? काही नाही. लोकल तीच, पास तोच, शेवटची गाडी तीच. मोठे लोक भांडले, पण त्या भांडणाचं भाडं प्रेक्षकानं भरलं नाही.

पुण्यात ते आपण भरलं. गहुंजे हे मावळ तालुक्यातलं गाव, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या कडेला. टीव्हीवर समालोचक "पुण्यातून" म्हणतात तेव्हा मला हसू येतं. १ एप्रिल २०१२ला तिथलं नवं स्टेडियम सुरू झालं. आराखडा हॉपकिन्स या ब्रिटिश वास्तुरचनाकारांचा, ज्यांनी लॉर्ड्सवरचा माउंड स्टँड केला. एका उद्योगसमूहाचं नाव काही काळ दारावर चढलं आणि उतरलं. मैदान देखणं आहे, बसल्या जागेवरून डोंगर दिसतात, चेंडू कुठूनही नीट दिसतो. हे सगळं मान्य. मी गेलोय, मला आवडलंय.

मात्र मी तिथं गेलो ते मित्राच्या कारमधून. पुणे हे दुचाकींचं शहर, हे आपण अभिमानानं आणि वैतागानं दोन्ही प्रकारे सांगतो. आणि या शहराचं स्टेडियम आहे दुचाकीला बंदी असलेल्या एक्सप्रेसवेच्या कडेला! आतल्या रस्त्यानं दुचाकी पोचते, नाही असं नाही. देहूरोड आणि बेगडेवाडी ही लोणावळा लोकलची स्टेशनं त्या बाजूला आहेत, पण तिथून पुढे कसं जायचं आणि रात्री परत कसं यायचं, हे ज्याचं त्यानं बघायचं. जागा निवडताना डोळ्यासमोर कोण होतं ते या जागेवरूनच कळतं. मुंबईहून गाडीनं येणारा माणूस होता. स्वारगेटला उतरणारा नव्हता.

ऑक्टोबर २०२४मध्ये तिथं न्यूझीलंडविरुद्ध कसोटी झाली. पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायचं पाणी पुरलं नाही. असोसिएशनला माफी मागावी लागली. खडकवासल्याच्या माणसाला ही बातमी जरा जास्तच लागते, कारण पुण्याला पाणी पाजणं हेच आमच्या गावाचं काम आहे. पण प्रश्न बाटल्यांचा नाही. शहरातल्या स्टेडियमबाहेर चहाची टपरी असते, रसवंती असते, वडापावची गाडी असते. आतलं पाणी संपलं तरी बाहेर शहर असतं. गावाबाहेरच्या स्टेडियमला बाहेर पार्किंग असतं.

पंचाहत्तरावं मिनिट

आता आमच्या खेळाकडे येतो. पुण्यातल्या मोठ्या फुटबॉलचं घर म्हणजे बालेवाडी. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेली शिवछत्रपती क्रीडानगरी. ती बांधली हे चांगलंच झालं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथल्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारतासाठी खेळला. खेळाडू घडवायला शांत, मोठी, शहराच्या गडबडीपासून लांब जागा लागते. बालेवाडीनं ते काम केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की खेळाडू घडवायची जागा आणि लोकांनी सामना बघायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, एफसी पुणे सिटी नावाचा संघ आला. पहिल्याच वर्षी विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे पुण्याचा शर्ट घालून पळताना दिसला. मी तेव्हा कॉलेजात नुकताच गेलो होतो. चार वर्षांनी, २०१७-१८च्या मोसमात, संघ पहिल्यांदा सेमीफायनलला पोचला. ७ मार्च २०१८, पहिला सामना आपल्याकडे, समोर बंगळुरू. बुधवार होता आणि सामना रात्री आठचा.

आम्ही तिघं खडकवासल्याहून दोन बस बदलून गेलो. जाताना काही वाटलं नाही, नारिंगी शर्ट घातले होते, ओरडत गेलो. आत बसल्यावर कळलं की आपण सामन्यापासून किती लांब आहोत. स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टीच्या आठ लेन. लांबच्या गोलसमोर गर्दी झाली की कोण पडलं, कोण उठलं, काही कळेना. तरी घसा बसेस्तोवर ओरडलो.

पंचाहत्तराव्या मिनिटाला माझा मित्र घड्याळ बघायला लागला. सामना संपेपर्यंत थांबलो असतो तर परतीची शेवटची बस चुकली असती. त्या वेळी खिशात रिक्षाचे पैसे नव्हते, आणि सकाळी त्याची पहिली पाळी होती. आम्ही उठलो. उठून जाताना शेजारचे काका म्हणाले, "अरे पोरांनो, सेमीफायनल आहे!" काय सांगणार त्यांना? गेटबाहेर पडलो आणि मागून मोठा आरडाओरडा ऐकू आला. तिघंही थबकलो. गोल झाला का? कुणाचा? मोबाइलला नेट मिळेना. स्टॉपपर्यंत धावत गेलो, बसमध्ये चढलो आणि मग स्कोअर दिसला. शून्य-शून्य. तसाच संपला तो सामना.

म्हणजे आमचा एकही गोल चुकला नाही. पण माझ्या शहराच्या संघाच्या सगळ्यात मोठ्या सामन्यातली शेवटची पंधरा मिनिटं मी रस्त्यावरून कान देऊन ऐकली. पप्पांना लाराची विकेट पडताना बघायला मिळाली आणि मला फक्त आवाज. बावीस वर्षांत शहर किती पुढे गेलं बघा.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. परतीच्या सामन्यात बंगळुरूनं ३-१नं हरवलं. २०१९मध्ये संघच बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. त्याच उन्हाळ्यानंतर दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर खेळणारा दिल्ली डायनामोजही ओडिशाला निघून गेला. कारणं पैशाची होती, मालकांची होती, ते खरं. मैदान लांब होतं म्हणून संघ गेला असं मी म्हणणार नाही. पण संघ गेल्यावर पुण्यात किती गदारोळ झाला? एक मोर्चा नाही, एक बंद नाही. चार दिवस ट्विटरवर हळहळ. ज्या संघाकडे लोकांना चालत जाता येत नाही, तो गेला तर लोक त्याच्यामागे चालत जात नाहीत.

याच्या उलट कोल्हापूर बघा. तिथं मोसमात दुपारी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अर्धं गाव कामधंदा सोडून जातं. संघ पेठांचे, तालमींचे. मैदान शहराच्या मधोमध. आजोबा नातवाला हाताला धरून नेतात. तिथं कुणी मालक उठला आणि म्हणाला की पाटाकडील आता दुसऱ्या शहरात हलवतो, तर काय होईल याची कल्पना करा. ते स्टेडियम जगातलं भारी स्टेडियम नाही. पण महाराष्ट्रात फुटबॉल जिवंत कुठं आहे असं विचारलं तर मी बालेवाडीचं नाव घेणार नाही.

"पण पार्किंगचं काय?"

हे सगळं बोललं की ठरावीक उत्तरं येतात. पहिलं म्हणजे, जुनी स्टेडियमं मोडकळीला येतात, ती बदलावीच लागतात. बरोबर आहे. लंडनचं वेम्बली बघा. १९२३मध्ये बांधलेलं. पहिल्याच अंतिम सामन्याला इतके लोक घुसले की मैदान मोकळं करायला घोडेस्वार पोलिस आणावे लागले, आणि बिली नावाचा एक घोडा त्यात अजरामर झाला. १९६६चा विश्वचषक इंग्लंडनं तिथंच जिंकला. इंग्लंडच्या फुटबॉलची काशीच ती. तरी त्यांनी ते पाडलं. ऑक्टोबर २०००मध्ये जर्मनीकडून हरून शेवटचा सामना झाला, पुढे ते दोन प्रसिद्ध मनोरेही गेले, लोक रडले, काम रखडलं, खर्च वाढला. २००७मध्ये नव्वद हजारांचं नवं वेम्बली उघडलं. कुठं? त्याच जागी. उतरायचं स्टेशन तेच, वेम्बली पार्क. तिथून आजोबा ज्या बाजूला चालले त्याच बाजूला नातू चालतो. मनोरे गेले, पण वाट राहिली. माझी त्याला हरकत नाही.

जागा तीच ठेवून सुद्धा लोकांना बाहेर काढता येतं, हेही सांगितलं पाहिजे. रिओचं माराकाना. १९५०च्या विश्वचषकात ब्राझील तिथं उरुग्वेकडून हरलं, तेव्हा आत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं तिकीट काढून आलेली होती. मैदानाच्या अगदी कडेला 'जेराल' नावाचा उभ्याचा पट्टा होता. तिकीट अगदी स्वस्त, दिसायचं अर्धंमुर्धं, पण रिओतला गरिबातला गरीब माणूस तिथं उभा राहायचा. २००५मध्ये तो पट्टा बंद केला आणि तिथं खुर्च्या आल्या. २०१४च्या विश्वचषकासाठी आत पुन्हा सगळं बदललं. आता तिथं अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास लोक बसतात. मेट्रो दारात आहे. पण ज्याच्या खिशात फक्त मेट्रोचे पैसे आहेत तो आत कसा जाणार? म्हणून माझ्या कसोटीत बसच्या भाड्यासोबत तिकिटाचा दरही धरा.

दुसरं उत्तर पार्किंगचं. शहरात एवढ्या गाड्या लावायच्या कुठं? याचं उत्तर द्यायला खडकवासल्याच्या माणसाइतका लायक माणूस पुण्यात सापडणार नाही. रविवारी संध्याकाळी आमच्या चौपाटीवर या. जेवढी जागा गाड्यांना दिली तेवढ्या गाड्या आल्या, मग रस्त्याच्या दोन्ही कडा गेल्या, आता आमच्या घरची रुग्णवाहिकाही अडकते. पार्किंग वाढवून गर्दी कमी झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. हजारो माणसं एकाच वेळी बाहेर सोडणाऱ्या जागेला गाड्यांवर उभं करायचंच नसतं. ती बसच्या आणि रेल्वेच्या तोंडाशी ठेवायची असते. चर्चगेटला कुठं आहे पार्किंग?

तिसरं उत्तर सगळ्यात गुळगुळीत. "शहर वाढतंय, आजचं बाहेर उद्याचं आत." असेल. पण तोवर दोन पिढ्या पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जातात. आणि शहराबाहेर स्टेडियम नेलं की त्याच्याभोवतीच्या जमिनीचे भाव काय होतात हे पुणे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ते कुणासाठी चांगलं असतं, हे त्याला विचारा.

मी सहमालक

३० जून २०२१ रोजी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. त्यात खडकवासला आहे. तेव्हापासून आमचा कर महापालिकेकडे जातो. पाण्याचं, कचऱ्याचं, रस्त्यांचं काय झालं तो वेगळा लेख होईल. पण एक गोष्ट त्यात नकळत झाली. नेहरू स्टेडियम महापालिकेचं आहे. म्हणजे ज्या स्टेडियमवर पप्पा पाहुणे म्हणून गेले, त्याचा मी आता लाखो लोकांतला एक सहमालक आहे.

सहमालक म्हणून माझं म्हणणं ऐका.

नेहरू स्टेडियम अजून उभं आहे, तिथं क्लबांचं क्रिकेट होतं. ती जागा कधीही, कोणत्याही गोंडस नावाखाली, दुसऱ्या कशासाठी जाता कामा नये. दुरुस्त करायची तर करा, पाडून नवी बांधायची तरी बांधा, पण तिथंच बांधा. आणि बांधाल तेव्हा फुटबॉललाही वर्षातले ठरलेले महिने द्या. शहराच्या लीगचे महत्त्वाचे सामने, शाळांचे अंतिम सामने संध्याकाळी तिथं होऊ द्या. चार हजार माणसं येतील, पण ती चालत येतील आणि पुढच्या वेळी चौघांना घेऊन येतील. खेळाडू घडवायला बालेवाडी आहे, ती तशीच राहू द्या.

दुसरं, ज्या स्टेडियमला सरकारची जमीन किंवा सरकारचा पैसा लागतो, त्याच्या परवानगीतच दोन अटी लिहा. ठरावीक जागा कायम स्वस्त राहतील. आणि सामना संपल्यानंतर तासभर तरी शहराच्या सगळ्या मुख्य दिशांना बस सुटतील. बस नसेल तर रात्रीचा सामना नाही. अग्निशमनाच्या दाखल्याशिवाय स्टेडियम उघडत नाही ना? मग माणूस घरी कसा जाणार याचा दाखला का नको?

दिल्लीवाल्यांनाही हेच. तुमच्या स्टेडियमचं नाव एका मेट्रो स्टेशनला दिलेलं आहे, त्यामुळे जागेच्या परीक्षेत तुम्ही आमच्यापेक्षा पुढे आहात. पण 'सिटी' बांधताना त्यात सामना बघायला येणाऱ्या माणसाची खुर्ची कुठं आहे आणि ती कितीला आहे, हे पाडायच्या आधी विचारून घ्या. बांधून झाल्यावर कुणी सांगत नाही.

आणि आता गंमत बघा. सप्टेंबर २०२४मध्ये स्वारगेटला भुयारी मेट्रो पोचली. म्हणजे पिंपरीचा माणूस आता मेट्रोत बसून जुन्या नेहरू स्टेडियमजवळ उतरू शकतो. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला या मेट्रोमार्गालाही केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तो होईल तेव्हा होईल, आम्ही धरणाकाठची माणसं आहोत, वाट बघायची सवय आहे. पण झाला की आमच्या गावातून निघालेली गाडी थेट त्या जागेला जाईल जिथं पप्पा डबा घेऊन उतरले होते. ज्या जागेला आपण 'गैरसोयीची' म्हणून सोडलं, तिथं कोट्यवधी रुपये खर्चून शहर स्वतः परत येतंय.

पप्पांचे गुडघे आता चालत नाहीत. या उन्हाळ्यात त्यांना गाळाच्या मैदानावर घेऊन गेलो होतो, काठावर खुर्ची टाकून. शेजारच्या आळीतल्या पोरांचा सामना चालला होता. अंधार पडायला लागला तसा एक पोरगा खेळ सोडून पळत सुटला, त्याला नांदेड फाट्याला क्लासला जायचं होतं, बस पकडायची होती. मागून सगळे त्याच्या नावानं ओरडले. पप्पा म्हणाले, "पाचच मिनिटं राहिली होती की रे."

पाऊस आला की ते मैदान पाण्याखाली जाईल. त्या पोराला पुढच्या मोसमात खेळायला, आणि त्याच्या आईबापाला त्याचा खेळ बसून बघायला, कोरड्या जमिनीवर एक जागा हवी आहे. ती जागा आपल्याकडे आहे. स्वारगेटला.